खालच्या कप्प्यातली साडी

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या गल्लीत चार मजल्यांची एक जुनी बिल्डिंग आहे. तिथे कुणाला आहेराचा पेच पडला की ती आधी सरस्वतीकाकीचं दार वाजवी. नणंदेच्या मुलीला केळवणाला काय द्यावं, जावेनं दिलेला लेमन सेट तिच्याच भावाच्या वास्तुशांतीला गेला तर कळेल का, भिशीतल्या बाईची साडी ऑफिसातल्या बाईला चालेल का, असले प्रश्न काकीकडे यायचे. काकी आधी चहा टाकायची आणि चहा उकळेपर्यंत निकाल द्यायची.

उघड कुणी कबूल करत नाही, पण आपल्याकडची निम्मी घरं या फिरतीच्या वस्तूंवर निभावतात. लग्नातलं घड्याळ वास्तुशांतीला जातं, वास्तुशांतीतला डिनर सेट मुंजीला जातो. ब्लाउजपिसांचं तर विचारूच नका. काही ब्लाउजपिसांनी ठाणं, कल्याण आणि पुन्हा ठाणं अशा फेऱ्या मारल्या, पण शिंप्याचं तोंड काही पाहिलं नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं म्हटलं तरी ते नीट ठेवता यावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या ऐश्वर्याने एकदा दिवाळीला नवऱ्याच्या साहेबांना चांदीच्या मुलाम्याच्या वाट्या दिल्या. खोक्याच्या तळाशी साहेबांनीच गेल्या वर्षी लिहिलेलं शुभेच्छांचं कार्ड होतं. तेव्हापासून ती काकीला विचारल्याशिवाय नारळसुद्धा पुढे ढकलत नव्हती.

सरस्वतीच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती. तिच्या लोखंडी कपाटात देण्याघेण्याच्या साड्यांचे दोन कप्पे होते. वरच्या कप्प्यात लग्नामुंजीतून, ओट्यांतून, हळदीकुंकवांतून आलेल्या साड्या. कुठली कुणाकडून आली, हे तिच्या डोक्यात पक्कं. आलेल्या घरी ती परत जायची नाही, त्यांच्या सोयऱ्यांत जायची नाही, आणि पिनांची भोकं पडलेली तर कुणालाच जायची नाही. खालच्या कप्प्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. तिथे दुखवट्याच्या साड्या होत्या.

तिचा नवरा चंदू खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर जायला बूट घालता घालता तो खाली बसला तो उठला नाही. तेराव्याला रीतीप्रमाणे नातेवाइकांनी कपडे आणले. मुलाला टॉवेल-टोपी, बाईला साडी; दुःखातल्या माणसाला पुन्हा माणसांत आणायची ही आपली पद्धत. राखाडी, मातकट, फिक्या निळ्या साड्यांचा ढीग तिच्या मांडीवर जमला आणि ती नुसती बसून राहिली. सगळ्यांत शेवटी कल्याणची चुलत जाऊ, दीप्ती आली. तिने पिशवीतून साडी काढली ती गर्द हिरवी, मोरपिशी काठाची, पदरभर जरीच्या कोयऱ्या. आधीच्याच आठवड्यात कुणाच्या तरी साखरपुड्यात मिळालेली असणार. कपाट उघडलं, हाताला लागली ती उचलली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सरस्वतीची धाकटी बहीण कल्पिता तर तिथल्या तिथे पुटपुटली, "हिला काय डोळे हायत की नाय? तेराव्याला हिरवी?"

पण आलेला दुखवटा परत करत नाहीत. साडी खालच्या कप्प्यात गेली.

अशा साडीचं पुढे काय करायचं, याचा नियम सोपा आणि वाईट आहे. दुखवट्याची साडी दुखवट्यालाच जाते. एका मरणातून निघाली की दुसऱ्या मरणाची वाट बघत पडून राहते. कुणाकडे कुणी गेलं की बिल्डिंगमधली एखादी बाई दारात येऊन हळूच विचारायची, "काकी, तसली एखादी आहे का?" काकी खाली वाकायची. होता होता मातकट गेल्या, राखाडी गेल्या, निळ्याही गेल्या. हिरवी तेवढी उरली. मेलेल्याच्या घरीही ती कुणी न्यायला तयार होईना. भांडी घासणाऱ्या जागृतीला देऊ केली, तर तिने आधी साडीकडे पाहिलं, मग काकीकडे, आणि विचारलं, "कशातली हाय?" काकीला खोटं बोलता आलं नाही. जागृती म्हणाली, "नको काकी, माझी सून पोटुशी हाय." गोधडीला देऊ, गोधडीला देऊ, असं म्हणत सरस्वतीने ती तशीच ठेवली. स्वतः नेसायचा प्रश्नच नव्हता. विधवेने हिरवं नेसू नये असं आता कुणी तोंडावर म्हणत नाही. न म्हणताही बरंच कळतं.

वरच्या कप्प्यात आणखी एक हिरवी साडी होती. चंदूने शेवटच्या दिवाळीला कल्याणहून आणलेली, लाल काठाची इरकल. "पाडव्याला नेस" म्हणाला होता. त्या पाडव्याला घरात पाहुणे होते, राबताना खराब होईल म्हणून ती नेसली नाही, आणि पुढचा पाडवा आला तेव्हा तो नव्हता. सवाष्णपणी आलेली साडी, म्हणून ती शुभच. ती कुणाला द्यायची हे तिने मनात ठरवून टाकलं होतं.

कल्पिताची मुलगी वर्षाली कॉलेजची पाच वर्षं मावशीकडे राहिलेली. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कल्पिताच्या घरी माणसं फार आणि जागा थोडी; मुलीला अभ्यासाला कोपरा मिळेना, तेव्हा सरस्वतीनेच तिला नेलं. तिची वेणी घातली, परीक्षेला दहीसाखर हातावर ठेवली, पहिल्या नोकरीच्या दिवशी स्टेशनपर्यंत सोडायला गेली. सरस्वतीला मुलगी नव्हती. एक मुलगा, केतन. वर्षालीने ती उणीव भरून काढली, असं ती उघड म्हणायची.

चंदू गेल्यावर सरस्वतीने आपणहून पाऊल मागे घेतलं होतं. हळदीकुंकवाला बोलावणं येई, ती जाई, मागच्या खुर्चीवर बसे आणि मुलांना सरबत वाटे. कुणी काही बोललं नव्हतं. पण जानेवारीत वर्षालीचा फोन आला. सातवा लागला होता, डोहाळजेवण ठरलं होतं.

"मावशी, माझी पहिली ओटी तू भरायची."

"येडी आहेस का? तुझ्या सासूला काय वाटेल?"

"सासूला विचारलंय. आईला पण सांगितलंय. आई जरा कुरकुरली, पण ठीक आहे बोलली. तू नाय भरलीस तर मी झोपाळ्यावर बसणारच नाय."

फोन ठेवून सरस्वती स्वयंपाकघरात गेली. ती रडली, आणि आपण का रडतोय हे तिला चांगलं ठाऊक होतं. चार वर्षांनी कुणीतरी तिला पुढच्या रांगेत बोलावलं होतं.

कार्यक्रम टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये होता. सरस्वती आदल्या दिवशीच कल्पिताकडे मदतीला गेली, आणि निघायच्या गडबडीत साडी घ्यायची विसरली. तिने सुनेला फोन केला. मेघाली ऐरोलीला नोकरीला, मुलगी सालस, सासूचं मन जपणारी. "वरच्या कप्प्यातली हिरवी साडी उद्या येताना आण गं," एवढंच सरस्वती म्हणाली.

दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं तेव्हा कपाट रिकामं करावं लागलं होतं. परत लावायला सरस्वतीच्या कमरेने साथ दिली नाही. मेघालीने रविवारचा दिवस घालवून सगळं लावून दिलं, रंगाप्रमाणे, दुकानात लावतात तसं. खालच्या कप्प्यात तिने चादरी ठेवल्या. त्या कप्प्याचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता. नव्या सुनेला मरणाच्या साड्या कशाला दाखवायच्या, म्हणून सरस्वतीने तो विषय कधी काढला नाही. कपाट छान लागलेलं पाहून तिने सुनेचं कौतुक केलं, आणि आत हात घालून पाहायचं राहून गेलं.

मेघालीला वरच्या कप्प्यात दोन हिरव्या साड्या दिसल्या. एक इरकल, साधी. दुसरी मोरपिशी काठाची, जरीच्या कोयऱ्यांची. आईंच्या लाडक्या भाचीला साधी कशी द्यायची? तिने चांगली ती उचलली, कापडी पिशवीत घातली, वर गोंड्याची दोरी बांधली आणि हॉलवर पोचताच ओटीच्या ताटात नेऊन ठेवली.

वर्षाली फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. कुणीतरी माइकवर सांगितलं, पहिली ओटी मावशीची. सरस्वती उठली. गर्दीतून वाट झाली. ताट हातात आलं. वर्षालीने पदर पसरला आणि वर बघून हसली. सरस्वतीने तांदूळ घातले, नारळ घातला, पिशवीची दोरी सोडली, साडी बाहेर काढली.

कोयऱ्या पाहताच तिने ओळखलं.

तिच्या हातात ती साडी, समोर पसरलेला पदर, भोवती पन्नास बायका आणि कॅमेरा धरून उभा असलेला फोटोवाला. थांबा, म्हणायला हवं होतं. पण म्हणायचं तरी काय? ही माझ्या नवऱ्याच्या तेराव्याची साडी आहे, असं पोटुशी बाईच्या तोंडासमोर, भरल्या ओटीवर? तेही तिने, जिने इथे उभं राहावं की नाही याबद्दल आधीच दोन घरांत बोलणी झालेली? मेघाली बाजूलाच उभी होती, कौतुकाने बघत. चूक झाली, दुसरी आणते, एवढे दोन शब्द पुरले असते. सरस्वतीने साडी ओटीत ठेवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या; कल्पिता तेव्हा मागे पानं मांडण्यात गुंतली होती.

"काय भारी साडी आहे," वर्षाली साडी खांद्यावर टाकून म्हणाली. "बारशाला हीच नेसणार मी."

नंतरचे दोन-अडीच महिने सरस्वतीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती. रोज सकाळी ती वर्षालीला फोन करायची, "फिरतंय ना गं पोटात?" वर्षाली हसायची, "अगं फुटबॉल खेळतंय." दुपारपर्यंत बरं वाटायचं, मग पुन्हा सुरू. आठवड्यातून एकदा डबा घेऊन ती ठाण्याला जायची, कल्पिताकडे जेवायची, आणि आपण या घरात बसून घास कसा गिळतो, याची तिला स्वतःलाच लाज वाटायची. तिने एकवीरेला नवस बोलला. मेघालीला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या पोरीने जन्मभर स्वतःला दोष दिला असता. मोरपिशी काठ दिसला की सरस्वती रस्त्यातसुद्धा मान फिरवायची.

एप्रिलमध्ये वर्षाली सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. सरस्वतीने देवापुढे साखर ठेवली आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोपली. आता उघड करायची गरजच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी वर्षालीने हॉस्पिटलमधूनच फोन केला. बाराव्या दिवशी बारसं, ब्लाउज शिवून आलाय, मावशीची साडी नेसून बाळाला मांडीवर घेणार.

सरस्वती इरकल घेऊन निघाली. हॉस्पिटलात वर्षाली एकटीच होती. कल्पिता घरी आंघोळीला गेली होती. बाळ झोपलेलं.

"ती राहू दे गं. बारशाला ही नेस. तुझ्या काकांनी आणलेली."

"काकांची? मग ही पण नेसेन. पण बारशाला तीच. तू मला भरलेली पहिली ओटी आहे ती."

तिने दोनदा समजावलं, तीनदा समजावलं. वर्षाली ऐकेना. शेवटी सरस्वतीने खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. दीप्ती, तेरावा, कप्पा, रंगकाम. मेघालीचं नाव मात्र घेतलं नाही. आपणच चुकून उचलली, म्हणाली. ओटी भरताना ओळखली होती, हेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण सांगायला बसलं की माणूस पोटातलं सगळंच ओतून मोकळा होतो.

वर्षाली हसली. "एवढ्यासाठी तू सुकलीस होय? मावशी, साडीला काय माहीत कोण मेलंय. टेन्शन नको घेऊस. बघ, मस्त आहे पोरगी." तिने बाळ उचलून मावशीच्या हातात दिलं. बाळाच्या डोक्याला दुधाचा वास येत होता. सरस्वतीला वाटलं, आपण उगाच जीव जाळला, ही शिकलेली पोरं आपल्यापेक्षा मोठ्या मनाची आहेत.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. कावीळ. डॉक्टर म्हणाले, नवजात बाळांत बऱ्याचदा होते, घाबरायचं कारण नाही, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवू. डोळ्यांवर पट्टी बांधून ते एवढंसं बाळ काचेच्या पेटीत ठेवलं. वर्षाली बाहेर बाकावर बसून राहिली. सरस्वतीने फोन केला तो कल्पिताने उचलला आणि म्हणाली, "नको येऊस आता. गर्दी नको बोललेत डॉक्टर."

बाळ बरं झालं, ठणठणीत घरी आलं. बारसं चार दिवस पुढे ढकललं, एवढंच.

सरस्वती कोळीवाड्यात पोचली तेव्हा दारात रांगोळी होती आणि ओसरीवर पाळणा सजवला होता. वर्षाली गुलाबी साडी नेसली होती. सरस्वतीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ती सवयीने स्वयंपाकघरात शिरली. कल्पिता घुगऱ्यांना फोडणी देत होती.

"मी करू काय?" सरस्वती म्हणाली.

"झालंय सगळं." कल्पिताने पळी खाली ठेवली, पण वळली नाही. "वर्षालीने सांगितलं मला सगळं. एक सांग. चूक होते माणसाची, ते मला कळतं. पण तू हातात घेतलीस तेव्हा ओळखलीस ना?"

"ओळखली."

"आणि ठेवलीस."

सरस्वतीने ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"आणि मग येऊन येऊन माझ्याच घरात जेवत होतीस," कल्पिता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती बाहेर गेली.

बाहेर पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. बाळाला पाळण्याच्या वरून खालून एकीच्या हातून दुसरीच्या हातात द्यायचं असतं. आत्या आली, मामी आली, शेजारणी आल्या. सरस्वतीही पुढे झाली. कल्पिता रागावली तर रागावू दे, तो तिचा हक्क आहे. पण वर्षाली पाळण्याशी बसली आहे, वर्षालीने हसून उडवलं होतं, वर्षालीने स्वतः बाळ हातात दिलं होतं. तिने दोन्ही हात पुढे केले.

वर्षालीने बाळाला किंचित स्वतःकडे ओढलं. जाणूनबुजून केलं असंही नाही. उकळतं भांडं बघून मूल मागे ओढतात तसं, आपसूक. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"मावशी, तू बस ना तिकडे, पंख्याखाली," ती हळू आवाजात म्हणाली. "किती उकडतंय बघ."

"हो गं. बसते."

पंख्याखाली एक प्लास्टिकची खुर्ची होती. सरस्वती बसली. वर्षालीचा तिला राग आला नाही. राग येता तर बरं झालं असतं. हॉस्पिटलात हसली होती ती वर्षाली खोटी नव्हती. पण काचेच्या पेटीबाहेर बसून राहिलेली आई तिच्या आत शिरली होती, आणि ती आता जाणार नव्हती. आणि कुठली साडी कुठून आली ते कधी विसरू नये, हे त्या मुलीला शिकवलं होतं तरी कुणी? बाळाचं नाव ठेवलं. ते ऐकू आलं नाही, बायकांचा गलका फार होता. एका मुलीने घुगऱ्या आणि पेढ्यांचा पुडा आणून हातात दिला.

सरस्वती जेवायला थांबली नाही. कुणी थांब म्हणालंही नाही.

डोंबिवलीला परतेपर्यंत दिवेलागण झाली होती. मेघाली नुकतीच ऑफिसातून आली होती, पायसुद्धा धुतले नव्हते, पण सासूला पाहून आधी पाणी घेऊन आली. तिला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून दिवसभर हळहळत होती.

"नाव काय ठेवलं, आई?"

"त्या गलक्यात नीट ऐकू आलं नाय. विचारीन उद्या."

"आणि बाळ? कसं आहे? तुम्ही घेतलं ना?"

सरस्वतीने पाण्याचा घोट घेतला. मेघाली उत्सुकतेने समोर बसली होती, चेहऱ्यावर कसलं म्हणून सावट नाही.

"घेतलं तर," सरस्वती म्हणाली. "माझ्याच मांडीवर झोपली होती बराच वेळ. हात भरून आले माझे."